फुलसावंगीच्या सामन्यासाठी आणलेली थाळी

क्रॅश वाजवणाऱ्या माणसाबद्दल माह्यं मत पयल्यापासून खराब आहे, अन् ते मी कोणापासून लपवून ठेवलं नाही. ड्रमसेटवर ज्या पितळी चकत्या टांगल्या असतात त्याइले आमच्या इकडं सिंबल-बिंबल कोणी म्हणत नाही, थाळी म्हणतात. त्यात एक राइड अन् एक क्रॅश. राइड मोठी, जाड, वजनदार. तिच्या पाठीवर काडीच्या टोकानं टिंग टिंग टिंग वाजवत राहा, सारं गाणं तिच्या भरोशावर चालते. क्रॅश पातळ. तिच्या काठावर काडी हाणली का झँयन करते, अन् मंग बाकी साऱ्याइचं तोंड बंद. ज्याले ताल समजते तो राइड वाजवते. ज्याले ताल समजत नाही, पण आपण स्टेजवर बसलो हे गावाले समजावं असं वाटते, तो क्रॅश वाजवते. पंगतीत बसून मुद्दाम मोठ्यानं ढेकर देणारा एकजण असतेच ना, त्याच्या हातात द्यायची ती वस्तू आहे.

मी घाटंजीचा. विहिरीवरची मोटार जळाली का लोकं माह्या दुकानात आणून टाकतात अन् मी तिची तार बदलून देतो, म्हणजे मोटार भरून देतो. हा पोटाचा धंदा. बाकी आमची एक गायन पार्टी आहे, तिच्यात मी ड्रम वाजवतो. आजकाल ड्रम कोणाले पायजे? आक्टोपॅड नावाचा एक रबरी पाट निघाला आहे. त्याच्यावर टिचक्या मारल्या का ढोलकी वाजते, घोडा धावते, काच फुटते, सारं त्याच्यातच. तो वाजवणाऱ्याले मी वाजवणारा मानत नाही. बटन दाबून लाइट लावणाऱ्याले कोणी वायरमन म्हणते का?

पार्टीचा मालक मास्तर. मास्तर कीबोर्ड वाजवते अन् ब्यानरवर स्वतःच्या फोटोखाली 'संगीत दिग्दर्शक' लिहून घेते. फोटो लग्नातला आहे, म्हणजे त्याच्या स्वतःच्या लग्नातला, तवा डोक्यावर केस होते. गाणं कोणतंही असो, मास्तरच्या कीबोर्डातून शेवटी एकच चाल निघते. चुकला का तो मान वळवून माह्याकडं रागानं पाहते, म्हणजे पब्लिकले वाटावं का ड्रमवाल्याचं चुकलं. एवढी एक कला मात्र त्याले फार चांगली येते.

अन् गाणारी मावशी. नात्यानं ती आमच्यातल्या कोणाचीच मावशी नाही, पण सारा तालुका तिले मावशीच म्हणते. साठी उलटून गेली. आठवडी बाजारात मिरची-हळद विकते अन् जयंतीच्या दिवसात गाते. माह्या तोंडून कोणाची तारीफ निघाली तं घरचे लोकं कपाळाले हात लावून पाहतात का याले ताप तं आला नाही, म्हणून मी जास्त बोलत नाही. एवढंच सांगतो. एका गावात ऐन गाण्यात लाइन गेली, माइक मेला, मास्तरचा कीबोर्ड मेला, अन् ही बाई तशीच गात राह्यली. पार मांडवाच्या बाहेर ट्रॅक्टरवर बसलेले लोकं तिथूनच टाळ्या वाजवत होते. तिच्या एका गाण्यात शेवटच्या कडव्याले एक वरची जागा आहे. तिथं ती उजवा हात कानावर ठेवते अन् सूर वर नेते, अजून वर नेते, तुम्हाले वाटते आता संपलं, तं अजून वर. ती जागा आली का समोर बसलेल्या बाया मांडीवरचं लेकरू खाली ठेवतात.

आमच्याकडं जयंतीले दुय्यम सामना ठेवतात. एकाच मांडवात समोरासमोर दोन स्टेज, दोन पार्ट्या. एका पार्टीनं गाणं म्हणायचं, दुसरीनं गाण्यातच त्याचा जबाब द्यायचा. निकाल देणारा कोणी नसते, पब्लिक कोणासाठी उठून उभं राह्यलं ते साऱ्याइले दिसतेच. फुलसावंगीचा सामना आमच्या पार्टीचा सगळ्यात मोठा. तं तिथल्या कमिटीनं मागच्या सालीच कुरकुर केली होती का बाईचा आवाज ऐकू येत नाही. अवंदा साफ सांगून ठेवलं, या सालीबी असंच झालं तं पुढच्या साली बाई बदला.

मास्तरले तेवढंच पायजे होतं. त्यानं लगेच एक पोट्टी पाहून ठेवली. ती मोबाइलवर गाण्याचा ट्रॅक लावते, त्या ट्रॅकमंधी मूळ गाणारीचा आवाज अर्धाअधिक असतेच, अन् ही वरून नुसतं तोंड हलवते. मी मास्तरले म्हणलं, हे गाणं झालं का? तं म्हणे, चेहरा चांगला आहे, रील चालते. म्हणजे हिशोब सरळ होता. फुलसावंगीत मावशीचा आवाज लोकाइपर्यंत पोचला तं मावशी राह्यली. नाही पोचला तं मावशीनं बाजारात मिरच्या विकाव्या अन् माइकसमोर ते तोंड हलवणारं येऊन उभं राहावं.

मागच्या साली आवाज काहून पोचला नाही, हे माह्या डोक्यात पक्कं होतं. आमची जुनी राइड होती, चांगली होती. मास्तरनं ती कोण्या वरातीच्या बँडवाल्याले वापरायले देली. त्या शहाण्यानं ती काठावर, क्रॅशसारखी, पूर्ण ताकदीनं बडवली, अन् दोन वरातीत तिले तडा गेला. मंग फुलसावंगीच्या टायमाले मास्तरनं कुठून तरी क्रॅश मागून आणली. तिथं स्टेज म्हणजे दोन ट्रॉल्या जोडून वर टाकलेल्या फळ्या. मावशीचा माइक माह्या ड्रमपासून हातभर. थाळीचा सारा कल्ला सरळ तिच्या माइकात. बाई बिचारीचा आवाज काय ऐकू येईन? घागरीत तोंड घालून बोललं तं कोणाले समजन?

अवंदा नवी थाळी घ्यायची ठरली. एकच, कारण स्टँड एकच. दुसरा स्टँड मंडपवाल्यानं फोकस बांधायले नेला होता, तो कुठंतरी अजूनही फोकस धरून उभा असन. मंग एका स्टँडवर कोणती थाळी, यावर समाजभवनात तालमीच्या वक्ताले रोज झकाझकी.

"क्रॅशच पायजे," मास्तर म्हणे. "पब्लिकले दणका लागते."

"पब्लिकले दणका पायजे असन तं ट्रॉलीवर दोन पिंप ठेव अन् बडव," मी म्हणलं. "गाणारीचा आवाज पायजे का नाही?"

"तुले काय समजते? समोरची पार्टी आक्टोपॅड आणून राह्यली. त्याच्यात क्रॅश आहे, मोठी क्रॅश आहे, डबल क्रॅश आहे."

"मंग गाय पण असन त्याच्यात. दूध काढून पी."

अशी आमची संगीतचर्चा. समाजभवनाचे टिन तापून असे, पंखा गरम हवा खाली ढकले, अन् मावशी कोपऱ्यात खुर्चीवर बसून पाण्याची बाटली मांडीवर धरून आम्हा दोघाइकडं पाहे. ती काहीच बोलत नसे. मले वाटे का ती मास्तरले घाबरते. शेवटी मास्तर म्हणला, जा यवतमाळले अन् घेऊन ये, पण क्रॅश आण. मी बरं म्हणलं. मनात म्हणलं, तू वाट पाय.

यवतमाळले ज्या दुकानात गेलतो तिथं दारातच काचेत गिटारी टांगल्या होत्या, साऱ्या रंगीत, म्हणजे पाहायच्या. दुकानदारानं माह्या पायातल्या चपला पाह्यल्या, मंग हातातली कापडी पिशवी पाह्यली, अन् ठरवून टाकलं का याले काही समजत नाही. "भैया, क्रॅश ले जाओ," तो म्हणे. "पब्लिक को यही मंगता." मी राइड दाखव म्हणलं, तं त्यानं एक तिसरीच थाळी काढली. म्हणे, ही क्रॅश-राइड, दोन्ही कामं करते, टेन्शनच नाही. मी ती वाजवून पाह्यली. राइडसारखी वाजवली तं पाघळे, क्रॅशसारखी हाणली तं मुकाट बसे. दोन्ही कामं करणारे असे लय पाह्यले मी, आमच्या ग्रामपंचायतीत भरले आहेत.

तिथं एक केस वाढवलेला पोट्टा ड्रमवर बसून होता. त्यानं सारं वाजवणं मोबाइलवर शिकलं होतं हे त्याच्या तोंडावरूनच दिसत होतं, कारण वाजवताना तो हाताकडं न पाहता कॅमेरा कुठं असन तिकडं पाहत होता. मले म्हणे, "अंकल, राइड आता कोणी वापरत नाही. तुम्ही जॅझ वाजवता का?" मी म्हणलं, "मी मोटारी भरतो." तो पुन्हा वाजवायले लागला.

शेवटी दुकानदारानं आतून एक राइड आणली. धुळीनं माखलेली, कोणी मागतच नव्हतं ना. मी रुमालानं पुसली, काडी घेतली अन् पाठीवर एक ठोका देला. काय सांगू राजेहो! असा स्वच्छ टिंग निघाला, अन् त्याच्या मागं एक बारीकशी गुणगुण, जी कोणाच्या मधात येत नाही. हिच्यावर मावशीचा आवाज कसा ठेवल्यासारखा बसन, ते मले तिथंच ऐकू आलं. बाकी काही पाह्यलं नाही. चादरीत गुंडाळली, एसटीत मांडीवर घेतली, अन् घाटंजीपर्यंत बाजूच्या माणसाले तिच्यावर कोपर ठेवू देलं नाही. मास्तरले मूर्ख बनवल्याचा आनंद वेगळाच होता.

मास्तरले दाखवायच्या आंधी मावशीले दाखवू म्हणून मी बाजाराच्या दिवशी थाळी घेऊन तिच्या दुकानावर गेलो. दुकान म्हणजे जमिनीवर पोतं, पोत्यावर लाल मिरचीचे ढीग अन् वर छत्री. पण तिथं एक बॅटरीचा भोंगा ठेवला होता, अन् त्याच्यातून कोण्या परक्या माणसाचा आवाज येत होता, लाल मिरची, तिखट मिरची, या ताई या. आजकाल साऱ्या बाजारात हेच. कोणी आपल्या तोंडानं ओरडत नाही, रेकॉर्डिंग लावतात अन् स्वतः मोबाइल पाहत बसतात. सारे आळशी झाले. पण मावशीच्या दुकानावर? जिचा भाव पार बसस्टँडवर ऐकू जाये तिच्या दुकानावर?

"हे काय लावलं वं मावशे? मेल्या माणसाचा आवाज वाटून राह्यला."

"राहू दे," ती म्हणली. "काय आणलं?"

मी चादर सोडली. थाळी एका बोटावर तोलून धरली अन् नखानं टिचकी मारली. मावशीनं डोळे मिटून ऐकलं. गुणगुण पुरी संपेपर्यंत ऐकलं. तिले सारं समजे, ताल काय अन् सूर काय.

"गोड हाय," ती म्हणली. मंग डोळे उघडले. "वापस करून ये बापू."

"काहून?"

"क्रॅश आण."

माह्यं डोस्कंच फिरलं. मले वाटलं मास्तरनं हिचेबी कान भरले. मी सुरू झालो. म्हणलं, मावशे, त्या येड्याचं तू ऐकते? त्याले अक्कल असती तं मागच्या साली तुह्या तोंडासमोर ती बला आणून ठेवली असती का? अवंदाबी क्रॅश आणली तं तुहा आवाज पुन्हा बुडन, अन् तो तेच पाहून राह्यला, त्याले ती पोट्टी बसवायची आहे तुह्या जागी, समजत नाही का तुले? अजून बरंच बोललो. मधात एक गिऱ्हाईक आलं, मावशीनं त्याले मिरची जोखून देली. तो गेल्यावर तिनं भोंगा बंद केला.

"बस अठी," ती म्हणली.

मी पोत्याच्या कोपऱ्यावर बसलो. तिनं आजूबाजूले पाह्यलं, उजवा हात कानावर ठेवला अन् हळू आवाजात ते शेवटचं कडवं सुरू केलं. खालचा सूर भरलेला, चांगला. वर चढू लागला, तोही चांगला. अन् मंग ती जागा आली. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताठ, डोळे मिटलेले, अन् आवाजच नाही. नुसती हवा. सायकलच्या ट्यूबातून निघते तशी फुसकन हवा. बाजूच्या कांदेवाल्यानं मान वळवूनही पाह्यलं नाही.

मी थाळी मिरचीच्या बाजूले खाली ठेवली.

"मागच्या साली तुह्या थाळीनं माहा आवाज दाबला नव्हता बापू," ती म्हणली. "त्या जागेले आवाज नव्हताच. थाळी होती म्हणून लोकाइले समजलं नाही."

"डॉक्टर?"

"झाला ना. यवतमाळले नळी घालून पाह्यलं. म्हणे बाजारात ओरडणं बंद करा, गाणं बंद करा." तिनं भोंग्याकडं बोट केलं. "ओरडणं केलं बंद. गाणं मी नाही करत बंद."

"बाकीचं तं निघते ना? ते गाणं सोडून दे. दुसरं म्हण."

"फुलसावंगीले जाऊन ते गाणं नाही म्हणलं तं कमिटीवाला काय म्हणन? बाई संपली म्हणन. अन् मास्तर बसलाच हाय." तिनं मिरचीच्या ढिगावरून हात फिरवला, सांडलेल्या मिरच्या वर सारल्या. "बाकी गाण्यात तिले हात लावू नको, फक्त त्या जागी तू क्रॅश हाण. सारा जोर लावून हाण. मी तोंड उघडीन. ती जागा लोकाइच्या कानात बसली हाय रे. ते आपापली भरून घेतीन."

म्हणजे जे ती पोट्टी करते तेच. मले ते लगेच समजलं, अन् मावशीलेबी समजलं का मले समजलं. तिनं नजर चुकवली नाही. मले तिचा राग आला, खरंच आला. अन् त्या रागाखाली वाईटही तेवढंच वाटलं.

"लोकं म्हणतीन ड्रमवाल्यानं सारी वाट लावली," मी म्हणलं.

"म्हणतीन ना." ती म्हणली. "म्हणूनच तुले इचारून राह्यली. मास्तरले सांगू नको."

थाळी पुन्हा चादरीत बांधली अन् उठलो. मागं भोंगा पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी यवतमाळ. दुकानदारानं मले दारातच पाह्यलं अन् त्याचं तोंड असं फुललं का विचारू नका. "बोला था ना भैया," तो म्हणे. मी राइड काउंटरवर ठेवली अन् क्रॅश दे म्हणलं. तो केसवाला पोट्टा होताच. "चांगलं केलं अंकल, आता जमाना क्रॅशचा आहे," असं म्हणून त्यानं माह्या खांद्यावर हात ठेवला. माह्या खांद्यावर! मी तो हात मोटारीवरचा कोळी झटकावा तसा झटकला. राइड त्या दुकानदारानं पुन्हा आत नेऊन ठेवली, अन् ती ठेवताना भिंतीले आपटली, तेवढ्यानंही गोड वाजली.

घाटंजीत मास्तर त्याच्यापेक्षा वरचढ. त्यानं क्रॅश पाह्यली अन् खिशात हात घालून माह्याभोवती एक फेरी मारली. "आला ना ठिकाणावर?" म्हणे. "मी म्हणतच होतो, हळूहळू समजन याले." मी तोंड बंद ठेवलं. जन्मात एवढी मेहनत मी कोणत्याच मोटारीवर केली नसन. तालमीत मावशी त्या गाण्याचं शेवटचं कडवं आलं का थांबे अन् म्हणे, हे येतेच मले, कायले टाइम घालवता, दुसरं घ्या. मास्तरले घरी जायची घाईच असे. त्याले काही समजलं नाही. त्याले कधीच काही समजत नाही, अन् त्या दिवसात पयल्यांदा मले त्याचं बरं वाटलं.

फुलसावंगीले आम्ही दुपारीच पोचलो. मांडवात निळे झेंडे, रस्त्यावर पाणी मारलेलं, अन् ऊन असं का ड्रमचे रॉड हातात धरवत नव्हते. आजकाल दहाले पोलिस माइक बंद करतात म्हणून कार्यक्रम दिवस मावळायच्या आंधीच सुरू झाला. वंदना झाली, मंग सामना. समोरच्या पार्टीत आक्टोपॅडवाला काळा चष्मा लावून बसला होता. कोणत्या उन्हापासून डोळे वाचवून राह्यला होता कोणास ठाऊक, मांडवात सावलीच सावली.

पयली गाणी चांगली झाली. मावशीनं खालच्या पट्टीतली गाणी अशी मांडली का समोरचे जबाब शोधत राह्यले. मी ठेका हाय-हॅटवर धरला, म्हणजे पायानं उघडझाक होणाऱ्या त्या दोन छोट्या थाळ्यांवर, अन् क्रॅशले हातही लावला नाही. मास्तर मान वळवून वळवून खुणा करे, हाण ना, हाण ना. मी त्याच्याकडं पाह्यलंच नाही.

मंग लोकाइनं ते गाणं मागितलं. मावशी मागं वळली, पाण्याचा एक घोट घेतला अन् माह्याकडं पाह्यलं. गाणं सुरू झालं. पयलं कडवं, दुसरं कडवं, अन् शेवटचं. उजवा हात कानावर गेला. सूर चढू लागला, समोरच्या बायाइनं लेकरं खाली ठेवली, मावशीनं मान वर केली, तोंड उघडलं, अन् मी क्रॅशवर काडी हाणली. खांद्यापासून हाणली. पयली विझायच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी. ट्रॉलीच्या फळ्या हादरल्या. मावशीचे ओठ, तिच्या गळ्याच्या शिरा, वर नेलेला हात, सारं जसंच्या तसं होतं. ती खालच्या सुरावर उतरली तवा मी काडी काढली, अन् तिचा खालचा सूर तिथं बरोबर उभा होता.

समोरच्या बाया माना हलवून राह्यल्या होत्या. जी जागा निघालीच नव्हती तिच्यावर. कोणी शिटी मारली, मागचे लोकं उठून उभे राह्यले, अन् साऱ्याइनं ओरडून तेच कडवं पुन्हा मागितलं. पुन्हा! आम्ही पुन्हा केलं. दुसऱ्यांदा मी अजून जोरात हाणलं, कारण मले वाटलं पयल्या खेपेले कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं भुवया वर केल्या होत्या. समोरचा आक्टोपॅडवाला चष्मा कपाळावर चढवून माह्याकडं पाहत होता अन् बाजूवाल्याच्या कानात काही सांगून हसत होता. रबरी पाट बडवणारा. तो माह्यावर हसला.

गाणं संपलं तसा कमिटीचा माणूस हार घेऊन स्टेजवर चढला. मावशीच्या गळ्यात हार घातला अन् माइक ओढून घेतला. म्हणे, "मावशी, काय जागा लावली वं माय! मागच्या साली आम्ही उगाच बोललो. आवाज अजून तसाच्या तसा हाय!" टाळ्या पडल्या. मंग तो माह्याकडं वळला. "पण हा ड्रमवाला पाहा. अबे, तुले काही अक्कल हाय का? गाणारी एवढी वर जाऊन राह्यली अन् तू तिच्या तोंडावर वरवंटा हाणून राह्यला? अर्धी जागा खाल्ली यानं!" पब्लिक हसलं. सारा मांडव हसला. "मास्तर, पुढच्या साली बाई हीच पायजे. ड्रमवाला बदला."

मास्तरनं कीबोर्डमागून हात जोडले. "मी तं लय समजावतो साहेब," म्हणे, "ऐकतच नाही."

मले दोन वाक्यं सुचली होती, दोन्ही चांगली होती. मी ती गिळली.

मावशी हसत नव्हती. हार गळ्यात तसाच, तिनं त्या माणसाच्या हातातून माइक घेतला. चेहरा असा झाला होता का मी घाबरलो.

"ऐका," ती लोकाइले म्हणली, "याचा दोष नाही. ती जागा मी..."

मी दोन्ही काड्या एकदम क्रॅशवर हाणल्या. लोकं पुन्हा हसले, कोणी तरी शिवी हासडली, अन् तिनं माइक खाली करेपर्यंत मी हाणत राह्यलो.